डोळ्यातलं पांढरं

अकोला
१७ जानेवारी २०१२

चि. ललित,
सप्रेम जयभीम.

फोन केला की संध्या उचलते आणि तू शाळेत गेला आहेस असं सांगते. रविवारीही तिने तेच सांगितलं. बायकोला खोटं बोलायला लावू नकोस, तिला ते जमत नाही. म्हणून पत्र टाकतो आहे.

काम असं की गॅसचं कनेक्शन तुझ्या आईच्या नावावर आहे. ते माझ्या नावावर करायचं तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचं संमतिपत्र मागतात. त्यावर तुझी सही लागेल. फॉर्म सोबत आहे. खुणा केल्या आहेत तिथे सही करून परत पाठव. स्वतः घेऊन आलास तरी चालेल. अमरावती काही लांब नाही. पण शाळेचे दिवस आहेत, हे मला समजतं.

इकडे ठीक आहे. नळ चौथ्या दिवशी येतो. शेजारच्या पार्बताबाई संध्याकाळी दोन भाकरी आणून ठेवतात. नको म्हटलं तर म्हणतात, "तुमच्यासाठी नाही आनत मी भाऊ, मैनाले कबूल केलं व्हतं." मग ठेवून घेतो.

कॅमेरे बाहेर काढलेले नाहीत. बॅटऱ्या मात्र महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवतो. नाही तर त्या कायमच्या जातात.

तुझे बाबा


अकोला
२६ फेब्रुवारी २०१२

चि. ललित,

फॉर्म मिळाला. सह्या बरोबर आहेत. पाकिटात फॉर्मशिवाय काही नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं.

तू बोलत नाहीस त्याचं कारण मला माहीत नाही असं तुला वाटत असेल तर तसं नाही. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी जे केलं ते चारचौघांत केलं. त्याचं उत्तरही चारचौघांत द्यायला हवं होतं. मला तसं जमलं नाही. कागदावर लिहितो.

तू अमरावतीहून आईचा फोटो करून आणला होतास. मोठा, सोनेरी फ्रेमचा. बाबासाहेबांच्या आणि भगवान बुद्धांच्या प्रतिमेखाली तो ठेवला, मेणबत्त्या लावल्या, वंदना सुरू व्हायची होती. मी जवळ जाऊन पाहिलं. मतदार कार्डावरचा चेहरा मोठा केलेला. कातडी गोरी केलेली. अंगावर हिरवी पैठणी, जी तिने कधी नेसली नाही. गळ्यात हार, जो तिला मी कधी केला नाही. मी म्हणालो, "ही मैना नाही. उचला हा इथून."

माझा आवाज तसा मोठा नव्हता. पण तो आवाज कोणता होता हे मला बोलताक्षणी कळलं. सव्वीस वर्षं अकोटच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गाडीवरून मूठभर कापूस काढायचा, बोटांत ओढून धागा पाहायचा, उजेडात रंग पाहायचा आणि म्हणायचं, हा माल बाजूला. तो आवाज. त्या वर्षांत वऱ्हाडात काय चाललं होतं ते तू पेपरात वाचत होतास, मी गाड्यांच्या रांगेसमोर उभा होतो. माल पाहायचो. माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की ग्रेड चुकते, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

तू म्हणालास, "मंग तुमचा आना. चाळीस हजार फोटो हायेत ना तुमच्याजवळ, एक आना."

मी आतल्या खोलीत गेलो. सगळ्यांना वाटलं, रागाने गेलो. तुलाही तसंच वाटलं असणार. मी कॉम्प्युटरपुढे जाऊन नुसता उभा राहिलो. कारण तिचा एकही नव्हता.

हे मला त्याच्या आधीच्या आठवड्यापासून माहीत होतं. आई गेली त्या दिवशी तू विचारलं होतंस, बाबा, फोटो आहे ना, आणि मी म्हणालो होतो, पाहतो. दोन दिवस सगळे फोल्डर पाहिले. काटेपूर्णा धरणावरचे पक्षी आहेत. नरनाळ्याचे बुरूज आहेत. चांदूर बाजारच्या संत्र्याच्या बागा आहेत, सरकीच्या ढिगांवर बसलेले बगळे आहेत. तुझ्या लग्नात फोटो काढायला माणूस ठेवला होता, त्याच्या अल्बममध्ये ती प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी मागे आहे. तुझ्या मोबाइलवरचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा, मोठा केला की फुटतो. तू मतदार कार्ड घेऊन स्टुडिओत गेलास ते माझ्यामुळे. आणि मी तुला नाही म्हणून सांगितलंसुद्धा नव्हतं.

तेवढं सांगायचं होतं.

बाबा


अकोला
८ एप्रिल २०१२

चि. ललित,

संध्याने फोन उचलला आणि यावेळी म्हणाली, "पत्र वाचलं त्यांनी." तेवढं माझ्यासाठी पुरे.

चौदा तारखेची तयारी विहारात सुरू आहे. पताका लावायला मला बोलावलं होतं. दुपारी ऊन त्रेचाळीसवर गेलं होतं, म्हणून उतरलो.

चाळीस हजारांत तिचा एकही फोटो कसा नाही, हे तुला कोडं वाटत असेल. मीही सहा महिने त्याचाच विचार करतो आहे. सांगतो.

केंद्रावरची खरेदी थांबली आणि आम्हाला घरी बसवलं, तेव्हा मी पहिला कॅमेरा घेतला. अमरावतीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने नवा घेतला म्हणून जुना काढला होता. सहा मेगापिक्सेलचा, पाठीवर काडेपेटीएवढा पडदा. रबर चिकट झालेलं, मी स्पिरिटने पुसून काढलं. आतल्या काचेवरची धूळ रबरी फुग्याने हवा मारून उडवली. घरी आणला तेव्हा आई म्हणाली, "लोकं रिटायर झाले की विहारात जाऊन बसतात, तुमी भंगारात चालले." पण त्या कॅमेऱ्याचे रंग पाहून मी गार झालो. नव्या कॅमेऱ्यांत सगळं तुकतुकीत दिसतं. या जुन्यांत सावली सावलीसारखी दिसते, माती मातीसारखी. बटण दाबलं की जाडजूड खटका ऐकू येतो, आतला आरसा वर जाऊन खाली येतो. मला तो आवाज आवडायचा. तेव्हापासून पाच वर्षांत नऊ कॅमेरे झाले. एक विकून दुसरा घ्यायचा, लोकांनी टाकलेला दुरुस्त करायचा. तू याला नाद म्हणायचास. नादच होता.

जुना कॅमेरा घेतला की पहिल्या दिवशी तपासायला लागतो. लेन्स नेमकी जिथे धरली तिथेच स्पष्ट येते का, की थोडी मागेपुढे सरकते. रंग बरोबर आहेत का. त्यासाठी एकच जागा, एकच उजेड, एकच माणूस असलेलं बरं. सकाळी पावणेनऊच्या सुमारास आपल्या दारात डावीकडून मऊ उजेड येतो. तिथे आई पाटावर बसून सुपात तांदूळ निवडायची. मी चार पावलांवरून तिच्या डाव्या डोळ्यावर नेम धरायचो. "हलू नको," म्हणायचो. ती म्हणायची, "हलली तर काय ग्रेड कापसान माही?"

मग कार्ड कॉम्प्युटरला लावायचं, फोटो पूर्ण मोठा करायचा आणि पापणी पाहायची. पापणीचे केस वेगळे मोजता आले की लेन्स चांगली. तुझ्या आईचा डावा डोळा मी इतक्या जवळून पाहिला आहे की खालच्या पापणीत एक केस आत वळलेला होता, हे मला माहीत आहे. ते तिलाही माहीत नव्हतं.

आणि तपासून झालं की कार्ड कोरं करायचं. फोटो संपले. ते माझ्या दृष्टीने फोटो नव्हतेच. धागा ओढून पाहिलेला कापूस कोणी परत गाडीत टाकत नाही, खाली पडतो, पायाखाली जातो. केंद्रावर संध्याकाळी तो घोट्याएवढा साचायचा.

दर कॅमेऱ्याचे पाच-सहा. नऊ कॅमेरे. चारेक डझन फोटो असतील. सगळे माझ्या हाताने पुसलेले.

आता जे कळवायचं आहे ते हे. कार्ड कोरं केलं तरी आतलं लगेच जात नाही. वरची यादी फक्त पुसली जाते. त्यावर नवे फोटो पडले नसतील तर काही परत काढता येतात. माझ्याकडची कार्डं मी पाहिली. त्यांवर दहादा नवं पडलेलं आहे. पण शेवटचा कॅमेरा मी गेल्या वर्षी जुलैत अकोटला गयासुद्दीनला विकला, तो कार्डासकट दिला होता. पुढच्या महिन्यात जाऊन विचारतो.

मिळालाच तर तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला, नऊ ऑक्टोबरला, लावता येईल. त्या दिवशी तू यावंस, अशी माझी इच्छा आहे. फोटो मिळो न मिळो.

बाबा


अकोला
१० मे २०१२

चि. ललित,

अकोटला जाऊन आलो. एसटीत खिडकी मिळाली होती, पण काच बंद करून बसावं लागलं, इतकी झळ होती.

गयासुद्दीन तुला आठवत असेल. केंद्राच्या फाटकासमोर त्याचं घड्याळाचं दुकान होतं. आता अर्ध्या दुकानात घड्याळं आणि अर्ध्यात फोटो. शाळांच्या ओळखपत्रांचं काम घेतो. मला पाहून काउंटरबाहेर आला, हात धरून बसवलं. आईच्या वेळी त्याला येता आलं नव्हतं, त्याचं त्याला वाईट वाटत होतं. आमिनाभाभींनी आतून सरबत पाठवलं आणि दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "मैनाबाईनं मले तिखटाचा मसाला शिकवला व्हता. अजून तोच करते मी." मी हो म्हणालो.

कार्ड त्याने वापरलंच नव्हतं. छोटं पडतं म्हणून स्वतःचं मोठं टाकलं आणि माझं पिशवीच्या खणात होतं तसंच राहिलं. त्याने ते कागदात गुंडाळून दिलं. कशाला पाहिजे, हे विचारलं नाही.

मग कॅमेरा काढून दाखवला. माझ्यापेक्षा चांगला ठेवला आहे. मी सहज म्हणालो, पिवळ्या रंगाचा त्रास आता जास्त होत असेल. हा कॅमेरा सगळ्यावर पिवळी झाक आणतो, हे देतानाच मी त्याला सांगितलं होतं. मी दोष लपवून कधी काही विकलेलं नाही.

तो म्हणाला, "किसनभाऊ, तुमी सांगतलं म्हनून म्या पह्यल्याच दिवशी आमिनाचा सफेद दुपट्टा समोर धरून पाह्यला. दुधासारखा आला. तवापासून चार शाळांचे पोट्टे काढले, एक बी पिवळा नाही निघाला. कॅमेऱ्याले काई नाही झालं. तुमालेच वहम झाला असन."

मी म्हणालो, असेल.

साडेतीनच्या गाडीने परत आलो. उन्हाने डोकं धरलं आहे. आज इतकंच लिहितो.

बाबा


अकोला
२२ जुलै २०१२

चि. ललित,

पेरण्या उशिरा झाल्या. इकडे पाऊस बेताचा आहे. तुमच्याकडे कसा?

गॅसचं काम झालं. पुस्तकावर आता माझं नाव आहे. तिचं नाव त्यांनी एका रेघेने खोडून वर माझं लिहिलं. नवीन पुस्तक दिलं नाही.

त्या कार्डात काही मिळालं नाही. तुला मी उगाच आशा दाखवली.

स्मृतिदिनाचं विहारात सांगून ठेवतो आहे. साधाच कार्यक्रम.

बाबा


अकोला
२७ सप्टेंबर २०१२

चि. ललित,

हे पत्र संध्यालाही वाचायला दे. एकदाच लिहायची ताकद आहे.

जुलैत मी तुला खोटं लिहिलं. कार्डात फोटो मिळाले. सहा फाइली निघाल्या, पाच तुटक्या. कुठे वरची पट्टी आणि खाली राखाडी, कुठे नुसता पदर. एक मात्र पूर्ण आहे. मे महिन्यापासून माझ्याकडे आहे. तुला पाठवला नाही, कारण फाइलीत तारीख असते. १९ जून २०११, सकाळी आठ वाजून त्रेचाळीस मिनिटं.

ऑगस्टच्या दोन तारखेला आपण आईला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तू सुट्टी काढून आला होतास, माझ्या शेजारी उभा होतास. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढली आणि मला विचारलं, डोळे कधीपासून पिवळे आहेत. मी म्हणालो, आठ-दहा दिवस. तू ते ऐकलंस आणि खरं धरलंस. मीही त्या वेळी खरं समजूनच बोललो होतो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो.

आता रंग कसा तपासतात ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. कॉम्प्युटरवर एक खूण असते. फोटोत जी वस्तू पांढरी असायला पाहिजे तिच्यावर ती टेकवायची. मग कॉम्प्युटर ती जागा पांढरी धरतो आणि बाकीचे रंग त्या मानाने सरकवतो. आपल्या भिंतीच्या चुन्यात नीळ आहे. तिची लुगडी रंगीत. तांदूळ प्रत्येक वेळी वेगळे, कधी जुने, कधी नवे. म्हणून मी पहिल्या कॅमेऱ्यापासून एकच जागा ठरवली होती. तिच्या डोळ्यातलं पांढरं. ते बदलत नाही, असं मी धरलं होतं. फार हुशारी केली असं वाटायचं. आठ कॅमेरे मी त्यावर तपासले आणि आठही बरोबर निघाले.

नववा म्हणजे पुढे अकोटला विकलेला. १९ जूनला तिचे फोटो काढले, तिच्या डोळ्यावर खूण टेकवली आणि सगळं चित्र निळं झालं. भिंत निळी, तांदूळ निळे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हणजे कॅमेरा पिवळा मारतो आहे, असं मी ठरवलं. आई मागे येऊन उभी होती. तिला अंगाला खाज सुटत होती महिनाभर, जेवण जात नव्हतं, उन्हाळ्याचं असेल म्हणून आम्ही दोघांनी सोडून दिलं होतं. तिने पडद्याकडे पाहिलं. आधी हसली, म्हणाली, "तांदूळ नीळ टाकल्यावानी दिसून राहिले." मी तिला मूळ फोटो दाखवला, न बदललेला. तो ती बराच वेळ पाहत होती.

मग तिने विचारलं, "अवो, मी पिवळी झाली का तुमचा कॅमेरा पिवळा हाय?"

मी म्हणालो, "कॅमेरा. जुना झाला."

ती म्हणाली, "मंग इकून टाका." आणि आत गेली.

हे एवढं झालं. ती मला विचारत होती. मी पडद्याकडे पाहून उत्तर दिलं. मागे वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं असतं तरी पुरलं असतं. चार पावलांवर नाही, हातभर अंतरावर उभी होती. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी कॅमेरा गयासुद्दीनला दिला आणि एक दोष काढून टाकल्याचं मला समाधान वाटलं.

केंद्रावर शेतकरी म्हणायचे, "साहेब, माल पिवळा नाही, उजेडानं तसा दिसून राहिला." नांदगावचे, दर्यापूरचे, कुठले कुठले. मी एकाचंही ऐकलं नाही. पांढऱ्यातली पिवळी झाक मला दहा हातांवरून ओळखू यायची, त्यासाठी मला लोक ओळखत होते. उजेडाचं कारण मी सव्वीस वर्षं कोणाचं मानलं नाही. तिच्या वेळी मात्र ते मीच शोधून काढलं.

ऑगस्टमध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ पित्ताच्या नळीशी आहे आणि उशीर झाला आहे. जूनमध्ये आलो असतो तर काय झालं असतं, हे मी कोणालाही विचारलेलं नाही. तू विचारलंस तर मी अडवणार नाही. रिपोर्टांची पिशवी कपाटात आहे, ती तुला देतो.

गयासुद्दीनने कॅमेऱ्याला काही झालेलं नाही असं सांगितलं तेव्हा मला नवीन काही कळलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी ओढली, तेव्हाच मला तांदूळ आठवले होते. तरी मी आठ-दहा दिवस म्हणालो. आणि तुझा फोटो पाहून मला इतका राग का आला, तेही मला तेव्हाच माहीत होतं. स्टुडिओवाल्याने रंग बदलला होता. ते पाहवलं नाही. तुला वाटलं, मी तुझ्या फोटोत खोट काढतो आहे.

तू तिला गोरी केलीस, पैठणी नेसवलीस, ते मायेने केलंस. हार घातलास, तो मी घालायला हवा होता. त्या फोटोला मी जे म्हणालो ते मी परत घेतो. नऊ तारखेला विहारात आणि घरी जे लोक त्या दिवशी होते, त्या सगळ्यांना बोलावलं आहे. त्यांच्यासमोर तेच म्हणेन. तू असलास तरी म्हणेन आणि नसलास तरी. तुझा फोटो घेऊन ये. यायचं नसेल तर पार्सलने पाठव. भिंतीवरचा खिळा तसाच आहे, मी त्यावर काही लावलेलं नाही.

हे वाचून तू येणार नाहीस असंही होऊ शकतं. आईबद्दल तुला माझ्यावर दुसऱ्यांदा रागवावं लागेल आणि या वेळचा राग खरा असेल. ते समजून मी हे पाकीट टपालात टाकतो आहे. जुलैपासून तीनदा लिहून फाडलं. पार्बताबाईंनी चौथ्या वेळी विचारलं, काय लिहून राहिले भाऊ येवढं. म्हणालो, ललितला. त्या म्हणाल्या, "मंग टाका की एकदाचं. तुमच्या घरात बोलनारी एकच व्हती, ते गेली. आता कोन बोलन?"

सोबत पुठ्ठ्यात फोटो घालतो आहे. तू मला म्हणाला होतास, तुमचा आणा. हा आहे. दुसरा नाही.

पाटावर बसली आहे. मांडीवर सूप. कपाळावर एक बट सुटलेली. तोंड थोडं उघडं आहे, काही तरी बोलते आहे, बहुधा मलाच. लेन्स चांगली होती. डाव्या डोळ्याच्या पापण्या मोजता येतात. खालचा आत वळलेला केसही दिसेल, नीट पाहिलास तर.

फोटो धुवून आणताना दुकानदाराने विचारलं, काका, डोळे पिवळे आले आहेत, एका मिनिटाचं काम आहे, नीट करून देऊ का. मी नको म्हणालो. मीही रंगाला हात लावलेला नाही. कॅमेऱ्याने पाहिलं तसं आहे.

सुपातले तांदूळ पांढरेच आहेत.

बाबा